तासाभराचं तर अंतर

बस डेपोच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. मोडकी सीट तिथे यायची आणि नवी होऊन बाहेर पडायची. त्या शेडचे धनी कुशनमामा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं तेवढंच, बाकी साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी कुशनमामा. घरी बायको म्हणायची, "सगळ्या डेपोचे मामा झालात, आणि सख्ख्या भाचीच्या वाट्याला काय, तर फोनवरचा मामा!" मामी कमी बोलायची, पण बोलली की खिळा बसल्यासारखं. उपटून काढता यायचं नाही.

मामांचं काम मात्र बघत राहावं असं. फाटलेलं रेक्झिन टराटरा सोलायचे, बसून बसून पातळ झालेला फोम काढून टाकायचे, लाकडाचा सांगाडा ठोकून ठाकठीक करायचे, नवा फोम कापून चिकटवायचे, आणि वाकडी सुई घेऊन कडेची शिवण अशी घालायचे की धागा शोधून सापडू नये. रेक्झिन ताणून मारायचे बारीक खिळे, ज्यांना चुका म्हणतात, ते ओठांत धरायची त्यांना सवय. एकेक चूक जिभेने पुढे सरकवायची, चिमटीत धरायची, वर हातोडीची टक्. तोंडात चुका असल्या की मामा बोलत नसत, नुसतं "हं" म्हणत. अर्ध्या जगाला त्यांनी "हं"वरच वाटेला लावलं होतं.

सीट बसमध्ये बसवून झाली की मामा स्वतः तिच्यावर टेकायचे. डोळे मिटायचे, पाठ घासून बघायचे, इकडे कलायचे, तिकडे कलायचे. मग म्हणायचे, "जाऊ दे आता कुठेही." उभ्या बसमधून मामांनी केला तेवढा प्रवास दुसऱ्या कुणी केला नसेल.

कारण चालती बस मामांना लागायची. नुसती लागायची नाही, लोळवायची. डेपोचं फाटक ओलांडलं की कपाळाला घाम, पहिला चढ लागला की तोंडाला पाणी, आणि घाटाच्या पहिल्या वळणावर मामा खिडकीबाहेर. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पोटाला कागद बांधून झाला, कुणी सांगितलं म्हणून एकदा डोळे बांधूनही बसले. तेव्हा शेजारच्या बाईने घाबरून जागा बदलून घेतली, बाकी फरक शून्य. लोहाराच्या घरी विळा बोथट म्हणतात, तशातली गत.

आता एवढं लागतं तर माणसाने घरात बसावं. पण डोंगरापलीकडच्या शहरात मामांची ताई होती.

आई गेली तेव्हा मामा चालायला लागले होते इतकंच. ताई त्यांच्याहून मोठी असली तरी तिच्याच वेण्या अजून कुणीतरी घालून द्यायचं वय. तिने स्वतःच्या वेण्या कापल्या आणि भावाला कडेवर घेतलं. वडील कामावर जायचे, ही घर बघायची. बस लागायचा रोग तेव्हापासूनचा. कुठे जायचं झालं की ताई खिडकीशी बसायची, त्यांना मांडीवर घ्यायची आणि एका हाताने त्यांचं कपाळ दाबून धरायची. "कर रे कर, बाहेर कर, रस्ता कुणाच्या बापाचा नाही," म्हणायची. थंडगार तळहात असायचा तिचा. पुढे कपाळाला घाम फुटला की मामांना तो हात आठवायचा, आणि मग जास्तच उमळायचं.

ताई लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली. मधे सडक एकच, आणि सडकेने दिवसभराचं अंतर. पहाटे निघालेली बस दिवे लागायच्या सुमाराला पोचायची. वर्षातून एकदा मामा निघायचेच. चार दिवस आधीपासून जेवण कमी करायचे, जणू काही शिक्षेवर चाललेत. संध्याकाळी बस स्टँडवर ताई उभी असायची, हातात पाण्याची बाटली आणि ओला पंचा. पिवळाफटक पडलेला भाऊ पायरीवरून उतरला की स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आले का आमचे ओकारीबहाद्दर!"

"हळू बोल ना गं. लोक ऐकतात."

"ऐकू देत. लोकांनी तर पाहिलंय."

मग तोंड धुवायचं, तिच्या घरी जायचं, ओट्यापाशी पाट टाकून बसायचं आणि ती स्वयंपाक करता करता बोलेल ते ऐकायचं. मामा तिथे आठ दिवस राहायचे. एवढे हाल सोसून आलोय तर दोन दिवसांत कसं परतायचं, असा हिशोब. मेहुणे वारले, भाची शिकून परदेशी गेली, तरी हा नेम चुकला नाही.

मग त्या बाजूला विमानतळ झाला, या बाजूलाही झाला, आणि पेपरात छापून आलं की आता दोन शहरांत तासाभराचं अंतर.

सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला. शेडमध्ये आल्या-गेल्याला सांगत सुटले. "तासाभराचं! आपला चहा होईपर्यंत माणूस पलीकडे. घाट नाही, वळण नाही, सगळं वरच्या वर." ताईला फोन लावला, "ताई, आता तुझा ओकारीबहाद्दर मेला. आता मी साहेबासारखा उतरणार तुझ्या दारात."

ताई म्हणाली, "ये बाबा. साहेबाला बघायला मीही आतुर झालेय."

त्या वर्षी मामा बसने गेले नाहीत. आता विमान आहे तर बसने कशाला मरायचं? आणि विमानानेही गेले नाहीत. विमानाला आधी ठरवावं लागतं, मोबाईलवर काय काय भरावं लागतं. लेकाला सांगितलं, लेक म्हणाला बघतो बाबा, या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात डेपोत जुन्या गाड्यांचं काम निघालं. मामांना घाई वाटली नाही. दिवसभराचा रस्ता असला की माणूस सहा महिने आधी ठरवतं. तासाभराच्या अंतराला कोण ठरवतं? शेजारच्या घरी जायला कुणी बॅग भरतं का? तर अंतर तासावर आलं आणि भेट वर्षावर गेली, मग दोन वर्षांवर, मग मोजायचंच सोडलं.

ताई फोन करायची. हटकून कामाच्या वेळेला. मामांच्या तोंडात चुका.

"येतोस ना रे?"

"हं."

"नुसतं हं काय? केव्हा?"

"हं."

"मेल्या, तोंडातले खिळे काढून बोल. गिळशील एखादा."

मग मामा चुका तळहातावर काढायचे आणि म्हणायचे, "अगं येतो गं. आता काय, तासाभराचं तर अंतर."

भाऊ-बहिणीचं जाणं-येणं राहिलं ते बारीकरावांच्या मार्फत. बारीकराव म्हणजे त्या रस्त्याच्या बसचे ड्रायव्हर. स्टिअरिंग आणि पोट यांच्यात बोटभर जागा उरायची, म्हणून लोकांनी ते नाव ठेवलेलं. मामा त्यांच्या हाती ताईला कधी उशी पाठवायचे, कधी खुर्चीचं शिवलेलं बसकण. ताई परत औषधाची बाटली नाहीतर विणलेली टोपी धाडायची. बारीकराव परत आले की शेडमध्ये डोकावून सांगायचे, "मामा, ताईंनी विचारलंय, साहेबाचं विमान अडकलंय का कुठे झाडाला?"

विमानं वाढली तसं त्या रस्त्याचं गिऱ्हाईक आटलं. चार बसच्या दोन झाल्या, दोनाची एक. तीही अर्धी रिकामी.

मग एक दिवस भाचीचाच फोन आला, तोही परदेशातून. "मामा, आईला मी इकडे घेऊन येतेय. आता तिला एकटीला ठेववत नाही. गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. घर विकलं. मी येतेय तिला न्यायला. कायमचंच आहे मामा. तुम्ही येऊन भेटून जा. चांगले आठ-पंधरा दिवस या. तिला तेवढंच हवंय, बाकी काही मागत नाही ती."

मामांच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "येतो तर," म्हणाले. "येणारच."

आणि खरंच जायचं होतं त्यांना. त्यात खोट नव्हती. पण नेमका तेव्हाच नव्या सीटांचा मोठा गठ्ठा आला, साहेब म्हणाले मामा एवढं उरकून जा. मामांना वाटलं, पंधरा दिवस नाही तर दहा दिवस. मग आठ. मग चार. शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा मामीने विचारलं, "जाताय ना हो?"

"लेकाने तिकीट काढलंय. ती जाणार त्या दिवशी सकाळचं विमान. तिचं विमान दुपारचं. तिथल्याच विमानतळावरून. ती लवकर येईल, मी उतरेन, दोघं निवांत बसू. संध्याकाळी मी परत."

"त्याच दिवशी?"

"अगं, तासाभराचं तर..."

"ते पाठ झालंय मला," मामी म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

आदल्या दिवशी पहाटे मामा मुद्दाम लवकर शेडवर आले. ताईला लांबच्या प्रवासात पाठीला घ्यायला एक उशी शिवत होते. चांगला घट्ट फोम, कमरेशी फुगीर, वर मऊ कापड. इतक्यात बारीकराव आले. बस फाटकाशी घरघरत उभी होती.

"मामा, चल."

"कुठे?"

"कुठे काय विचारतोस! ताई उद्या जाणार ना? माझ्यामागची सीट तुझ्यासाठी ठेवलीय. खिडकीची. तूच शिवलेली. आत्ता निघ, दिवे लागायला तिच्या घरी. रात्र आहे, उद्याची सकाळ आहे. पोटभर बोला. मग तिच्याबरोबरच जा तिला सोडायला."

मामांनी उशीची शिवण उगाच दाबून पाहिली. बस घरघरत होती. तिचा धूर शेडपर्यंत आला. नुसत्या वासानेच मामांच्या घशाशी पाणी आलं.

"उद्याचं तिकीट काढलंय रे," शेवटी म्हणाले. "ताईला तोंड दाखवायचं तर नीट दाखवीन. शेवटच्या भेटीला तिने काय माझा ओला पंचाच धुवायचा?"

"तिची काही तक्रार आहे का त्याची?"

"दिवसभर वळणं खात कशाला जायचं? उद्या मी तासात पोचतो. तुझ्यापेक्षा आधीच म्हण की!"

"मी आज पोचणार, तू उद्या पोचणार," बारीकराव म्हणाले. "आधी कोण, ते तूच सांग."

मामा हसले. त्यांना तो ड्रायव्हरी विनोद वाटला. दिवस आणि तास यांच्यात तास लहान, हे कुणीही सांगेल. बारीकरावांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दोनदा हॉर्न वाजवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मामा साहेबासारखेच निघाले. इस्त्रीचा सदरा, नवी पिशवी, त्यात ताईची उशी. लेक गाडीने सोडायला आला. विमानतळ शहराबाहेर इतका लांब की त्या वेळात बस घाटाच्या पायथ्याशी गेली असती. तिथे रांग, मग पट्टा काढा, बूट काढा, पिशवी दाखवा, उशी दाबून दाबून बघितली, मग पुन्हा रांग. मामांनी कुरकूर केली नाही. विमानात बसल्या बसल्या त्यांनी आधी सीट दाबून पाहिली. "फोम पातळ आहे," शेजाऱ्याला म्हणाले. "एवढा मोठा डोलारा आणि फोममध्ये काटकसर!" शेजाऱ्याने कानात बोंडं घातली होती.

पट्टा लावला, डोळे मिटले, पाठ टेकवली. पण विमान हलेना.

मग विमानातल्या बाई आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की पलीकडे धुकं आहे, परवानगी मिळाली की निघू. मामांना उभ्या गाडीत बसायची सवय होतीच. बसले. पाणी आलं, प्यायले. खिडकीतून बघितलं तर इकडे लख्ख ऊन. ऊन इथे, धुकं तिथे, आणि माणूस मधे पट्ट्याने बांधलेलं. पुढे बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

भाचीचे फोन येत होते. "मामा, निघालात का?" "मामा, आम्ही पोचलो, बाहेरच्या गेटपाशी बसलोय." "मामा, आई आत यायला तयार नाही, पण किती वेळ थांबणार?"

मामांनी पट्टा सोडला आणि उभे राहिले. बाई धावत आल्या. "काका, बसा प्लीज."

"बाई, मला उतरू द्या."

"दार आता उघडता येणार नाही."

"मग सोडा तरी विमान. बहीण आहे हो माझी तिथे."

बाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी एक बिस्किटाचा पुडा आणून दिला. मामा तो हातात धरून बसून राहिले. बारीकरावांचं बोलणं त्यांना आत्ता कळलं. आज आणि उद्या. दिवस मोठा आणि तास लहान, पण तो दिवस काल सुरू होऊन कालच संपला होता.

शेवटी एकदाचं विमान उडालं आणि खरोखर तासात पोचलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मामांना काही लागलं नाही. ना घाम, ना पाणी. अलगद चढलं, अलगद उतरलं.

बाहेर येऊन फोन लावला तर ताईच बोलली.

"कुठे आहेस रे?"

"आलो ताई. उतरलो. दाराशी उभा आहे."

"कुठल्या दाराशी?"

"विमानतळाच्याच. खाली. तू?"

"मी पण विमानतळावरच. वर."

मामांनी मान वर केली. समोर काचेची भिंत, तिच्या आत एक जिना वर गेलेला.

"मग ये की वर," ताई म्हणाली.

जिन्याच्या दाराशी पहारेकरी लोखंडी स्टुलावर बसला होता. मामांनी संध्याकाळचं परतीचं तिकीट पुढे केलं. त्याने वाचलं. "काका, हे संध्याकाळचं. तेव्हा या. आणि तुमचं दार हे नाही, ते पलीकडचं. हे परदेशी जाणाऱ्यांचं."

"बहीण वर आहे. भेटून खाली येतो. तुम्ही बघत राहा, हा जिना चढतो आणि हा उतरतो."

"तुमची बहीण पासपोर्टवर शिक्का मारून आत गेलेली असणार. मी सोडलं तरी तुम्हाला तिथवर जाता येणार नाही, आणि त्यांना बाहेर येता येणार नाही. कुणाचंच चालत नाही तिथे."

फोन चालूच होता. ताईने सगळं ऐकलं होतं. मागून भाचीचा रडवेला आवाज आला, "मामा, मी थांबवलं होतं हो. तो व्हीलचेअरवाला मुलगा म्हणाला आता नाही गेलं तर विमान सुटेल. आईने दाराची कड धरून ठेवली होती. बोटं सोडवावी लागली मला."

"तू गप गं," ताई तिला म्हणाली, आणि मग मामांना, "ऐक. काही खाल्लंस का?"

"बिस्किट आहे हातात."

"मग खा ते. विमान लागलं का?"

"नाही गं. काहीच लागलं नाही."

"बघ म्हणजे," ताई म्हणाली. "काल बारीकराव येऊन गेले. सामान बांधायला हातभार लावला. पाणी प्यायले. म्हणाले, मामाची सीट रिकामीच आणली, वाटेत कुणाला बसू दिलं नाही."

मामांनी जिन्याच्या कठड्याकडे बघितलं.

"मी काल स्टँडवर गेले होते रे," ताई म्हणाली. "हिने नको म्हटलं, तरी रिक्षा करून गेले. मला वाटलं, तू विमानाचं नुसतं म्हणतोस. येशील बसनेच."

"पंचा आणला होतास?"

"आणला होता."

पहारेकरी दुसरीकडे बघत होता. मामा भिंतीकडे वळले. इतक्या वर्षांत सगळं बोलणं ओट्यापाशी बसून झालं होतं, आणि फोनवर नुसतं हं. आता बोलायचं तर कुठून सुरुवात करायची, हेच सुचेना. वर कुठेतरी भोंग्यातून बाई काहीतरी पुकारत होत्या, ते फोनमधूनही ऐकू येत होतं आणि थोडं मागे-पुढे होऊन काचेतूनही. तेवढ्याच अंतरावर होती ती.

"तुझ्यासाठी पाठीची उशी शिवलीय," मामा म्हणाले.

"वर धाड ना कुणाच्या तरी हाती."

मामांनी पहारेकऱ्याला विचारलं. त्याने उशी हातात घेतली, उलटीपालटी केली. "काका, शिवलेली वस्तू. आत काय आहे कसं कळणार?"

"फोम आहे."

"तेच तर. मला कुठे दिसतंय?"

"उसवून दाखवू?" मामांनी खिशात हात घातला, पण वाकडी सुई आणि कात्री सकाळीच निघताना विमानतळावर काढून घेतली होती. दातांनी शिवण उसवायला गेले. पण शिवण त्यांची स्वतःची. धागा सापडेना.

"राहू दे रे," फोनमधून ताई म्हणाली. "विमानात उशा देतात म्हणे. चल, खुर्चीवाला आला. ढकलतोय मला. पोरटं गोड आहे, तुझ्यासारखंच, नुसतं हं हं करतंय."

"ताई."

"काय?"

"मी बसने यायला हवं होतं."

तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. गलका फार होता. "जेवून घे," एवढं आलं, मग भाचीचा आवाज, "ठेवते मामा, पोचल्यावर करते," आणि मग काही नाही.

मामा बाहेर येऊन कठड्याशी उभे राहिले. बस असती तर मागून धावता आलं असतं, खिडकीवर थाप मारता आली असती, वळेपर्यंत हात हलवता आला असता. इथे विमानांमागून विमानं वर जात होती, सगळी पांढरी, सगळी सारखी. ताईचं कुठलं, ते सांगायला कुणी नव्हतं. मामांनी प्रत्येकाला हात केला. लोक बघत होते. बघू देत.

जाता जाता ती उशी त्यांनी पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवली. तो नको नको म्हणाला. मामा म्हणाले, "लोखंडावर दिवसभर बसता. कंबर धरेल." पहारेकरी बसला, जरा हलला, आणि नकळत पाठ टेकवली.

संध्याकाळच्या विमानाला धुकं आलं नाही, रांग लांबली नाही, काही म्हणजे काही अडलं नाही. मामांना खिडकी मिळाली. खाली डोंगर दिसले, आणि डोंगरावर दोरा टाकल्यासारखी ती सडक. एवढीशी दिसत होती. त्यांना वाटलं, आता जरा मन मोकळं करावं, तोंड खिडकीकडे आहेच. पण डोळ्यांत पाणी यायला आणि बाईंनी पट्टा लावा म्हणायला एकच गाठ पडली. विमान उतरलंसुद्धा. बसमध्ये निदान घाटभर रडता आलं असतं. वळणावळणाला, कुणाला कळलं नसतं, लोक म्हणाले असते माणसाला लागतंय. उतरेपर्यंत चेहरा सारखा करता आला असता, घरी काय सांगायचं ते जुळवता आलं असतं.

दार मामीने उघडलं. तिचे हात ओले होते. अजून गॅसही पेटवला नव्हता.

"अगंबाई! इतक्यात आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं, वेळ लागेल. भेट झाली ना?"

चौकटीला हात धरून मामा तसेच उंबऱ्यावर उभे राहिले, पिशवी रिकामी, बिस्किटाचा पुडा न फोडलेला. मामीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पुड्याकडे बघितलं. एरवी तिच्याकडे बोलायला खिळा असायचाच. आज तिने हात पदराला पुसले, पुढे झाली, आणि लहान मुलाला आत घ्यावं तसं दंडाला धरून त्यांना आत घेतलं.